तीस गोळ्या आणि एक अंगठा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. गेममध्ये मेले की मी फोनला शिव्या देते, नेटवर्कला देते, रितेशला देते, आणि कुणीच उरलं नाही तर बुऱ्हाणपूरच्या उन्हाला देते. स्वतःला शिवी द्यायची वेळ सहसा येत नाही, कारण मी चांगली खेळते. चांगली म्हणजे आमच्या चौघांत पहिली बंदूक माझी. घरात आधी मी शिरायचं, समोर दिसेल त्याला पाडायचं, मग बाकीच्यांनी यायचं. हे काम बहादरपूरची एक सव्वीस वर्षांची, केळीच्या पॅकिंगला जाणारी बाई करते हे समोरच्या टीमला माइकवर कळलं, की ती पोरं मेल्यावर आणखी एकदा मरतात.

आमचा कॅप्टन रितेश, माझ्या मामाचा मुलगा. बुऱ्हाणपुरात कुरिअरचं काम करतो आणि दिवसभर मोटारसायकलवर बसून गेमचाच विचार करतो. भूमिका माझ्यासोबत पॅकिंगला आहे. कुणी जखमी होऊन पडलं की धावत जाऊन उठवायचं काम तिचं. चौथा गोटू. तो लांबून नेम धरतो आणि महिन्यातून दोन वाक्यं बोलतो, त्यातलं एक ‘सॉरी’ असतं.

जुलैच्या शेवटी शहरात एका हॉलमध्ये स्पर्धा होणार होती. चाळीस टीमा. रितेशने फेब्रुवारीतच आम्हाला शिस्त लावली. नुसत्या मॅचवर मॅच खेळून खेळ सुधारत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि मी खूप वाद घातल्यावर ते खरं निघालं. रोज वीस मिनिटं ट्रेनिंग ग्राउंडवर जायचं. तिथे शत्रू नसतात, फक्त नेम धरायचे लाकडी फळे उभे असतात. गोळ्या सुटायला लागल्या की बंदूक आपसूक वर उचलली जाते. तेवढ्याच मापाने अंगठा काचेवरून खाली ओढत राहायचा, म्हणजे नेम जागच्या जागी राहतो. तीस मीटरवरचा फळा, तीस गोळ्या, एका दमात. लागल्या किती ते मोजायचं आणि ग्रुपवर टाकायचं.

दुसरा नियम त्याहून वाईट होता. आपण कसे मेलो त्याचं रेकॉर्डिंग रोज पाहायचं. पहिले आठ दिवस मला वाटलं की मी नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीमुळे मरते. नवव्या दिवशी दिसलं की कोपऱ्यावरून वळताना माझा नेम जमिनीकडे असतो. माणसाचं डोकं जमिनीवर नसतं, एवढी साधी गोष्ट मला दोन वर्षं कळली नव्हती. मग नेम आधीच डोक्याच्या उंचीवर धरायचा, एकाला पाडल्या पाडल्या लगेच गोळ्या भरत बसायचं नाही, पावलं ऐकायची, हे सगळं हळूहळू अंगात मुरलं. फेब्रुवारीत तीसपैकी नऊ लागायच्या. एप्रिल संपताना चोवीस. मी तो आकडा ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, ‘नमस्कार करा.’

मे महिन्यात सगळी गडबड झाली. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत अंगठ्याला घाम फुटायचा आणि काचेवरून तो भलतीकडेच घसरायचा. रितेश पावडर लावायचा, गोटू बोटांत कापडी टोप्या घालायचा. मला ते दोन्ही जमेना. पण घामावरचं औषध तर माझ्या रोजच्या कामातच होतं. पॅकिंगला घडाच्या फण्या वेगळ्या करतात, आधी साध्या पाण्यात टाकतात आणि मग तुरटीच्या पाण्यात, म्हणजे चीक बसतो आणि फळावर डाग पडत नाही. मी त्या दुसऱ्या टाकीवर असते. सकाळी आठपासून चारपर्यंत माझे हात तुरटीच्या पाण्यात. तिथलाच एक खडा मी घरी आणला आणि खेळायच्या आधी ओला करून दोन्ही अंगठ्यांवर घासायला लागले.

पहिल्या आठवड्यात जादू झाली. घाम गायब, अंगठा घसरेना, तीसपैकी सत्तावीस. ही युक्ती मी कुणाला सांगितली नाही. रितेशला सांगितली असती तर त्याने संध्याकाळपर्यंत ती पार्सलसोबत घरोघर पोचवली असती.

मग जूनच्या सुरुवातीला नेम थरथरायला लागला. मी अंगठा खाली ओढत होते, नेहमीसारखाच, आणि पडद्यावरचा नेम मध्येच अडखळायचा, टुणकन वर उडायचा, पुन्हा खाली यायचा. बावीस. सतरा. तेरा. मी फोनला शिव्या दिल्या, नेटवर्कला दिल्या, ठरल्या क्रमाने सगळ्यांना दिल्या. तुरटी दुपटीने घासली. अकरा.

त्या अकराच्या आकड्याकडे पाहताना मला पहिल्यांदा बाबांची आठवण झाली, आणि हातातला फोन मी खाटेवर टाकून दिला.

माझ्या बाबांचं नाव बाबुराव. आमच्या भागात केळीचा घड उतरवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकाच घावात खांब वाकवायचे आणि घड दुसऱ्याच्या खांद्यावर अलगद उतरायचा. एका वर्षी त्यांचा उजवा अंगठा शेजारच्या बोटावर घासत राहायला लागला, तंबाखू मळतात तसा. ते तंबाखू खात नव्हते, म्हणून तर आमच्या लक्षात आलं. डॉक्टर म्हणाले, कंपवात. पुढे सात वर्षं तो अंगठा आमच्या घराचा मालक होता. आधी कोयता सुटला, मग शर्टाची बटणं, मग सही. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले.

तर माझंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. मी घाबरले. महिनाभर घाबरलेलीच होते. फोनवर शोधलं. तरुणपणीही होऊ शकतो, क्वचित घरात चालत येतो, असं लिहिलेलं सापडलं. त्यातला ‘क्वचित’ हा शब्द मी वाचलाच नाही. हात समोर धरून त्यावर कागद ठेवला की थरथर दिसते, असंही कुठेतरी होतं. मी दाराआड उभी राहून हातावर वहीचा कागद ठेवला. तो हलला. कुणाच्याही हातावरचा कागद पाच मिनिटं टक लावून पाहिला तर हलतो, हे आज मला माहीत आहे. तेव्हा मी तो चुरगळून चुलीत टाकला आणि डॉक्टरकडे जायचं नाही असं ठरवलं. एकदा त्यांनी तोंडाने म्हटलं की ते खरं होणार होतं. व्हॉट्सअॅपवर अक्षरं सुटायची, तेही मी त्याच दुखण्याच्या माथी मारलं.

एका रविवारी दुपारी मामाच्या घरी सराव होता. सलग चौथ्या मॅचमध्ये मी दारातच मेले.

रितेश म्हणाला, “दीदी, सच बता, तुझी झोप होऊन राह्यली का नाही? पहिली घुसते तू, अन् पहिली मरते पन तूच.”

“फोन खराब झाला आहे,” मी म्हणाले. “टच अडकतो.”

“दे इकडे.” त्याने माझा फोन घेतला, ट्रेनिंग ग्राउंड उघडलं, आणि बसल्या जागी तीसपैकी सव्वीस मारल्या. “फोन तो एकदम मक्खन है, दीदी. नाचता येईना अंगन वाकडं.”

एरवी मी त्याला उशी फेकून मारली असती. पण माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. फोन चांगला होता. म्हणजे उरला तो हात. मी त्याच्या फोनवर खेळून पाहिलं, दहा लागल्या.

रितेशला माझी कीव आली असावी, कारण तो एकदम सांभाळून बोलायला लागला. “असं करू. दोन हप्ते भूमिका पहिली घुसेल. तू मागं राहा, बॅकअपले. हॉलमध्ये जायच्या आधी पाहू मंग.”

“बरं,” मी म्हणाले.

गोटूने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. परतताना भूमिकाने रिक्षात माझा दंड धरला. “अश्विनी, तुझी तब्येत बरी आहे ना व? तू भांडली नाही आज.”

मी तिला ऊन लागलं असं सांगितलं. टीममधली जागा गेल्याचं दुःख झालंच, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या कितीतरी पट मोठी भीती मी पदरात बांधून फिरत होते, आणि ती सोडून दाखवावी असं माणूस घरात एकच होतं. आई. तिला तर मुळीच सांगायचं नव्हतं. तिने एकदा बाबांचं सगळं केलं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात राशनच्या दुकानातून निरोप आला की कार्डावरच्या प्रत्येकाने येऊन मशीनवर अंगठा द्यायचा, नाहीतर नाव कटेल. आई आदल्या दिवशी देऊन आली होती. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी न्हाऊन, केस मोकळे सोडून गेले. पंधरा-वीस बायांची रांग होती. दुकानावर प्रभाकरकाका. त्यांनी माझं कार्ड पाहिलं आणि ते छोटं मशीन पुढे सरकवलं.

मी अंगठा ठेवला. मशीन किंचाळलं.

“नाही लागला,” काका म्हणाले. “फिर से.”

पुन्हा ठेवला. पुन्हा किंचाळलं. दुसरा अंगठा. तर्जनी. काकांनी माझं बोट धरून स्वतः दाबलं. काहीच नाही. माझ्या मनात काय आलं ते सांगायला आज लाज वाटते. मला वाटलं, अंगठा हलतोय म्हणून मशीनला पकडता येत नाही. एवढ्या बायांसमोर आता हे उघडं पडणार. मी कार्ड उचलून निघायच्या बेतात होते.

मागून सोजरबाईचा आवाज आला. सोजरबाई म्हणजे आमच्या टाकीवरची सगळ्यात जुनी बाई. गुडघे गेले म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने काम सोडलं. “अवं पोरी, तू टाकीवर आहे ना? मंग कसा लागीन अंगठा? तुरटीत हात घालनाऱ्या बाईचा अंगठा कोनत्या मशीननं घेतला आजवर? चामडं कोरडं ठक्क होते. मशीनले वाटते का इथं बोटच नाही.”

“सगळ्यांचंच असं होतं?” मी विचारलं.

“सगळ्यायचं. ते पाह्य, टाकीवरची रंजिता तीनदा परत गेली. इकडं ये. डोक्यात फिरव अंगठा.”

“आजच न्हाले मी, सोजरबाई. केसाला तेल नाही.”

“मंग माह्या डोक्यात फिरव,” असं म्हणून तिने पदर मागे सारला, माझा अंगठा पकडला आणि स्वतःच्या खोबरेलाने चपचपीत भांगात चांगला तीन-चार वेळा रगडला. मग पदराने हलकेच टिपला आणि स्टँप मारावा तसा मशीनवर दाबला.

हिरवा दिवा लागला. “हो गया,” प्रभाकरकाका म्हणाले. “पुढची या.”

मी बाजूला झाले. दोन पावलं गेले आणि तिथेच थबकले. मशीनला वाटतं की बोटच नाही. फोनची काचही बोटावरच चालते. मी अंगठा खाली ओढत होते, आणि मध्येच काचेला वाटत होतं की अंगठा उचलला. मग नेम उडत होता. मग काचेला अंगठा पुन्हा सापडत होता. दिवसभर तुरटीचं पाणी, त्यावर घरी येऊन तुरटीचा खडा, आणि नेम चुकला की दुप्पट खडा. मी रोज स्वतःच्या हाताने स्वतःचा अंगठा पुसून टाकत होते!

दुकानाच्या पायरीवर बसले. फोन काढला, ट्रेनिंग ग्राउंड उघडलं. सोजरबाईच्या डोक्यातलं तेल अजून अंगठ्यावर होतं. तीस मीटर, तीस गोळ्या, एका दमात. नेम हलला नाही. गारगोटीसारखा जागच्या जागी बसून राहिला. मी फळ्यावरची भोकं मोजली. सव्वीस. विश्वास बसेना म्हणून पुन्हा झाडल्या. सत्तावीस.

मग मी रडायला लागले. हळू वगैरे नाही, भोकाड पसरून. महिनाभर दाबून ठेवलेली भीती एकदम सुटली आणि मला आवरता येईना. रांग मोडून बाया गोळा झाल्या. प्रभाकरकाका काउंटरवरून वाकून पाहायला लागले.

“काय झालं व? गहू कमी देला का त्यानं?” सोजरबाईने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “हात चांगला आहे माझा.”

“मंग रडते कायले?”

मी उठून तिला मिठी मारली. तिने बायांकडे पाहून कानाजवळ बोट फिरवलं, आणि माझ्या पाठीवर थोपटत राहिली.

इथेच पुढचं सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी विचारेल. स्पर्धेत आम्ही चाळिसांत सहावे आलो. पहिली मीच घुसले. टाकीवर रबरी हातमोजे घालायला लागले होते आणि खडा फेकून दिला होता. सहावं येण्याला गोटू जबाबदार आहे, त्याने ‘सॉरी’ म्हटलं आहे. आईच्या हट्टापायी डॉक्टरलाही हात दाखवला. त्यांनी नाकाला बोट लावायला सांगितलं, कागदावर गोल गोल काढायला लावलं, आणि शेवटी हाताला लावायचं मलम लिहून दिलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी राशनही भरून घेतलं आणि पिशवी उचलून मी जवळजवळ पळतच घरी आले. आई, भागीरथी तिचं नाव, ओट्याशी चहा करत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि दारातूनच सगळं बोलून टाकलं. नेम कसा उडायचा, अकरा गोळ्या, बाबांचा अंगठा, तुरटी, सोजरबाईचं डोकं. तिला गेममधलं ओ की ठो कळत नाही. पण बाबांचं नाव आलं तेव्हा तिचा हात चहाच्या भांड्यावर थांबला.

“हात दाखव,” ती म्हणाली.

मी दाखवला. तिने माझा अंगठा मुठीत धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. तो हलतो का ते पाहत होती, हे मला कळलं. मग फळीवरची खोबरेलाची बाटली घेतली आणि एकेक बोट चोळायला लागली, दुखेल इतक्या जोरात. मी ओरडले नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिचे दोन्ही हात रिकामे नव्हते.

“मले वाटलं होतं,” एवढंच ती म्हणाली.

“काय वाटलं होतं?”

तिने हात धुतले आणि चहा गाळला. माझा कप आणून समोर ठेवला. तो काठोकाठ भरला होता. मी त्याच्याकडे पाहतच राहिले.

बाबांच्या शेवटच्या वर्षांत आई त्यांना अर्धाच कप चहा द्यायची. दोनदा गरम मिळतो, असं म्हणायची. खरं म्हणजे अर्धा असला तर सांडत नाही. बाबांना ते माहीत होतं, आम्हालाही होतं, आणि कुणी कधी ते बोललं नाही. आता समोरचा भरलेला कप पाहिला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांत मला एवढा चहा मिळालेला नव्हता. मला आपलं वाटत होतं, दूधवाला दूध कमी घालतोय. त्याला मी दोनदा शिव्याही घातल्या होत्या.

“कधीपासून, आई?” मी विचारलं.

“वटपौर्णिमेपासून,” ती म्हणाली. “दाराआड हातावर कागद धरून उभी होती तू, मी पाह्यलं. पी आता.”

म्हणजे माझ्याइतकेच दिवस तीही घाबरलेली होती, त्याच घरात, माझ्यापासून चार हातांवर, आणि माझ्यासारखीच गप्प. मला तिचा राग आला, माझा आला, आणि तो एका क्षणात विरघळून गेला. मी कप उचलला. चहा चटका बसेल इतका गरम होता आणि कप खरंच फार भरला होता, त्यामुळे तो हिंदकळला आणि चहा बशीत सांडला, थोडा ओढणीवर.

मी घाबरून आईकडे पाहिलं. आई हसत होती.

“सांडू दे,” ती म्हणाली.